आधी रानाला, मग माणसाला: वेळ अमावस्या आणि माणसाचं सृष्टीशी नातं

मार्गशीर्ष अमावस्येच्या दिवशी सकाळी दहानंतर लातूर शहरातून फिरून पाहावं. गंजगोलाईतली गर्दी ओसरलेली असते, बाजारपेठ बंद असते, शिकवणी वर्गांच्या गल्ल्या सुन्या पडलेल्या असतात. संचारबंदी लागल्यासारखी ही शांतता असते, पण तिच्यामागे भीती नसते. सगळं शहर रानात गेलेलं असतं. बैलगाडी, ट्रॅक्टर, रिक्षा, दुचाकी, मिळेल त्या वाहनाने माणसं आपल्या नाहीतर सोयऱ्याधायऱ्यांच्या, मित्रांच्या शेतावर पोचलेली असतात. जिल्हा प्रशासन या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर करतं. हा सण म्हणजे वेळ अमावस्या. लातूरच्या बोलीत ‘येळवस’.

माणूस आणि बाहेरचं अफाट जग यांच्यात काही आत्मिक नातं आहे का, हा प्रश्न जगभरच्या तत्त्वज्ञांनी चर्चिला आहे. मांजरा, तेरणा आणि मन्याडच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याने त्यावर चर्चा न करता एक दिवस ठरवून दिला आहे. त्या दिवशी माती, पीक, पाणी, जनावर, पाखरू, देव, पूर्वज आणि वाटसरू या सगळ्यांना एका पंगतीत बसवायचं, आणि पहिला घास मातीला द्यायचा. या एका रीतीचा माग काढत गेलं तर तो सुदानच्या माळापासून दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतापर्यंत, आणि हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठीपासून आपल्या नसांतल्या रक्तापर्यंत पोचतो.

सणाचा मुलूख

वेळ अमावस्या हा सबंध महाराष्ट्राचा सण नाही. पुण्या-मुंबईत अनेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं. लातूर आणि धाराशिव हे त्याचे मुख्य जिल्हे. त्यांना लागून असलेल्या नांदेड, सोलापूर आणि बीडच्या काही भागांतही तो साजरा होतो. सीमेपलीकडे बीदर आणि कलबुर्गी भागात याच तिथीला ‘एळ्ळ अमावास्या’ असते. निलंगा, औसा, उदगीर, देवणी, देगलूर, मुखेड हा सगळा पट्टा मराठी आणि कानडी यांच्या सांध्यावरचा. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. 1956 मध्ये राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि एकाच संस्थानातली गावं दोन राज्यांत गेली. 1982 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर वेगळा झाला. नकाशे बदलत गेले, सण मात्र सीमेच्या दोन्ही अंगांना तसाच राहिला. पिकावर आंबील शिंपताना दिली जाणारी हाळी आजही कानडी वळणाची आहे. अस्सल मराठी बोलणारा शेतकरीही ती तशीच्या तशी देतो.

तिथीची निवड शेतकऱ्याच्या हिशोबाने चोख आहे. या सुमाराला रब्बी ऐन भरात असते. मालदांडी ज्वारी निसवलेली किंवा दाणा धरायच्या बेतात, हरभरा फुला-घाट्यांत, गहू हिरवागार, करडई आणि जवस वाढीला लागलेली, तुरीच्या शेंगा टचटचीत भरलेल्या. पीक अजून हातात आलेलं नाही, पण येणार याची खूण पटलेली आहे. धान्य घरात आल्यावर देवाचे आभार मानणारे सण जगात पुष्कळ आहेत. इथे पीक उभं असतानाच रानाला जेवू घालतात. गर्भार लेकीचं डोहाळजेवण करावं, तशी ही भरल्या ओटीच्या जमिनीची पूजा आहे.

कोप, पांडव आणि लक्ष्मी

पूजेची जागा साधी असते. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून, शेंडे वर एकत्र बांधून छोटी झोपडी करतात. तिला कोप म्हणतात. काही घरांत कोपीवर नवं कापड किंवा शाल पांघरतात. आत पाच दगड मांडतात. चुन्याने पांढरे केलेले आणि वर काव लावलेले हे दगड म्हणजे पाच पांडव. त्यांच्याबरोबर लक्ष्मीची पूजा होते. घरोघरची मांडणी थोडी वेगळी असते. कुणाची कोप बांधावर, कुणाची विहिरीजवळ, कुणाची उभ्या ज्वारीत.

या पूजेला मंत्र येणारा पुरोहित लागत नाही. घरातलं माणूस हळदकुंकू वाहतं, नारळ फोडतं, नैवेद्य दाखवतं. देवाची मूर्ती विकत आणावी लागत नाही. दगड त्याच रानातला, कडबा त्याच रानातला, आणि सण संपला की दोन्ही पुन्हा रानाचेच.

जातीधर्माचं कुंपणही या दिवशी खाली बसतं. या भागात लिंगायत समाज मोठा आहे आणि सणाच्या रीतीत त्याचा ठसा दिसतो, पण मराठा, धनगर, दलित, मुस्लिम, सगळ्यांच्या शेतात माणसं जमतात. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला कुणीतरी आधीच आवतण दिलेलं असतं. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. न जेवता पुढे जाऊ देणं हा त्या घराचा कमीपणा समजतात.

आंबील आणि भज्जी

येळवसेचा स्वयंपाक आदल्या दिवसापासून सुरू होतो आणि रात्रभर चालतो. ज्वारीचं पीठ शिजवून, ताकात कालवून, लसूण, जिरे, मिरची, कोथिंबीर घालून आंबील करतात आणि मातीच्या माठात भरून ठेवतात. रात्रभरात ती आंबते. सकाळी हा माठ डोक्यावर घेऊन माणूस रानाची वाट धरतो.

दुसरा मानाचा पदार्थ भज्जी. नावावरून तळलेली भजी समजू नये. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, ओले शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, वांगी, गाजर असं त्या दिवसांत रान जे देतं ते सगळं एकत्र शिजवून, डाळीचं पीठ लावून केलेली ही घट्ट भाजी. सोबत बाजरीचे उंडे, ज्वारीच्या भाकरी, तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या पोळ्या, गव्हाची खीर, वांग्याचं भरीत. मधल्या वेळेला हुरडा, ढाळे, बोरं, ऊस. पोरं झाडांना झोके बांधतात, पतंग उडवतात. थंडगार आंबील पोटभर प्यायलेली मोठी माणसं दुपारी झाडाच्या सावलीत गाढ झोपतात.

या ताटाकडे जरा निरखून पाहिलं तर त्यात सगळं जग बसलेलं दिसतं. ज्वारी माणसाने प्रथम पिकवली ती आफ्रिकेत. पूर्व सुदानमध्ये सुमारे 5000 वर्षांपूर्वीच्या लागवडीच्या ज्वारीच्या खुणा मिळाल्या आहेत. तिथून ती समुद्रमार्गे आपल्याकडे आली आणि दख्खनच्या काळ्या रानात अशी रुजली की आज तिच्याशिवाय मराठवाड्याची भाकरी सुचत नाही. हरभऱ्याचं मूळ आजच्या आग्नेय तुर्कस्तानात, गव्हाचं पश्चिम आशियात. मिरची मेक्सिकोकडची, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. तूर आणि तीळ मात्र आपल्या भारतभूमीचे. देगलूरच्या एखाद्या शेतात भज्जीचा घास घेणारा माणूस चार खंडांतल्या शेकडो पिढ्यांच्या शेतकऱ्यांचं देणं खात असतो. त्या शेतकऱ्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. त्यांनी निवडून, जपून, पुढच्या हातात दिलेलं बियाणं तेवढं आपल्यापर्यंत आलं.

आंबीलही एकटी नाही. ज्वारीचं पीठ आंबवून खाण्याची रीत ज्वारीच्या मूळ खंडात घरोघर आहे. सुदानमध्ये आंबवलेल्या ज्वारीची पातळ पोळी करतात, तिला किसरा म्हणतात. बोट्सवानात आंबट ज्वारीची पेज असते, तिला टिंग म्हणतात. नायजेरियात ज्वारी, बाजरी किंवा मक्याची ओगी करतात. एकमेकांना कधी न पाहिलेल्या आज्या हजारो मैलांच्या अंतरावर तेच धान्य तशाच रीतीने आंबवत आल्या.

चर शिंपणं

पूजा झाली की सणाचा मुख्य भाग येतो. घरातला माणूस आंबिलीचं भांडं घेऊन शेतात निघतो. डहाळीने किंवा हाताने ती पिकावर शिंपत, हाळी देत, तो सबंध शेताला फेरी घालतो. मागून घरातली माणसं त्याच्या हाळीला ओ देतात. याला चर शिंपणं म्हणतात. एका शेतातली हाळी ऐकून शेजारच्या शेतातून उत्तर येतं, आणि काही वेळाने सगळं शिवार घुमू लागतं. माणसं जेवतात ती त्यानंतर.

संध्याकाळी काही घरांत छोट्या मडक्यात दूध उतू घालतात आणि ते कोणत्या अंगाला सांडलं यावरून पुढच्या वर्षीच्या पावसाचा अंदाज बांधतात. दिवस कलला की ज्वारीच्या ताटांचा हेंडगा पेटवून कोपीभोवती फिरवण्याची रीतही अनेक गावांत आहे.

आता हेच दृश्य जगाच्या दुसऱ्या टोकाला पाहू. पेरू, बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या डोंगराळ भागात 1 ऑगस्टला पचामामा म्हणजे भूमातेचा दिवस असतो. लोक जमिनीत खड्डा करून तिला अन्न देतात आणि मक्यापासून आंबवलेली चिचा नावाचं पेय मातीवर ओततात. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात 17 जानेवारीच्या सुमाराला शेतकरी सफरचंदाच्या बागेत जमतात, मोठमोठ्याने गातात आणि गेल्या हंगामाच्या सफरचंदांपासून आंबवलेलं पेय झाडाच्या मुळाशी ओततात. त्या पेयात भिजवलेले पावाचे तुकडे फांद्यांवर पाखरांसाठी ठेवतात. आपल्याकडे झारखंडात मुंडा आणि उरांव समाज सरहुलच्या सणात साल वृक्षाच्या फुलांनी निसर्गाची पूजा करतात आणि तांदळाची हंडिया धरतीला अर्पण करतात.

ज्वारी, मका, सफरचंद, तांदूळ. पीक निराळं, भाषा निराळी, देव निराळा. तरीही चारही ठिकाणी माणसाने तेच केलं. गेल्या हंगामात जमिनीने जे दिलं ते आंबवून सजीव केलं आणि त्यातला वाटा येणाऱ्या हंगामाच्या नावाने जमिनीला परत दिला. पचामामाला चिचा वाहणाऱ्याने लातूर पाहिलेलं नाही. मग ही एकच रीत चौघांना कशी सुचली? मला वाटतं, जमिनीजवळ राहणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. घेतलं तर द्यावं लागतं, हे जमीनच त्याला शिकवते.

काळीच्या पोटात

मराठवाड्यात गावठाणाला पांढरी आणि शेतजमिनीला काळी म्हणतात. येळवसेला पांढरीतली माणसं काळीत येतात. ही काळी आहे तरी काय?

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉर पृथ्वीवर असताना, दख्खनच्या भूमीला भेगा पडून लाव्हा वाहिला. थरावर थर साचत गेले. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीजवळ शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेऊन पाहिलं तेव्हा बेसॉल्टची जाडी सुमारे 340 मीटर भरली. त्याच दगडाची झीज होऊन काळी माती झाली. या मातीतले चिकणमातीचे कण पाणी प्यायले की फुगतात आणि वाळले की आक्रसतात. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, आणि पावसाळ्यात सगळी जमीन फुगून खालची माती वर येते. जमीन स्वतःला स्वतःच नांगरत असते. खरिपाचा पाऊस ती पोटात साठवून ठेवते आणि त्याच ओलीवर, वरून थेंबही न पडता, हिवाळ्यात मालदांडी उभी राहते. तिची मुळं दीड मीटरपर्यंत खोल जाऊन ही ओल शोधतात.

पहिल्या पावसानंतर या मातीला येणारा वास सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातला मुख्य भाग जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो, आणि ते मातीतले स्ट्रेप्टोमायसीस जातीचे जीवाणू तयार करतात. हवेच्या एक लाख कोटी भागांत त्याचे मोजके काही भाग असले तरी माणसाच्या नाकाला ते कळतात. ओल्या मातीची चाहूल घेण्याची ही ताकद आपल्याला जन्मतःच मिळालेली आहे.

आता येळवसेच्या रानात प्रत्येकाला करता येईल अशी एक गोष्ट. हरभऱ्याचं एखादं ताजं झाड मुळासकट हळूच उपटावं आणि मुळावरची माती झटकावी. मुळांना बाजरीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या गाठी दिसतील. त्यातली एक नखाने फोडावी. गाठ जिवंत आणि कामात असेल तर आत गुलाबी, लालसर रंग दिसतो.

या गाठींत रायझोबियम गटाचे जीवाणू राहतात. हवेतला नत्र झाडाला थेट घेता येत नाही. हे जीवाणू तो पकडून झाडाला पचेल असा करून देतात, आणि झाड त्यांना त्या बदल्यात साखर पुरवतं. जर्मनीतल्या हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी 1888 मध्ये हे प्रयोगाने सिद्ध करून मांडलं. द्विदल घेतल्यानंतर रान सुधारतं हा अनुभव शेतकऱ्याच्या गाठीला त्याआधीच होता. गाठीतल्या त्या गुलाबी रंगाचा उलगडा पुढे झाला. 1939 मध्ये जपानी शास्त्रज्ञ कुबो यांनी दाखवलं की तो रंग हिमोग्लोबिनच्या कुळातल्या प्रथिनाचा आहे. त्याला लेगहिमोग्लोबिन म्हणतात. आपल्या रक्ताला लाल करणारं आणि प्राणवायू वाहून नेणारं जे द्रव्य, त्याचंच भावंड हरभऱ्याच्या मुळात प्राणवायूची व्यवस्था पाहत असतं.

शेतकरी मातीला आई म्हणतो तेव्हा शहरी माणसाला ती भावनेची भाषा वाटते. नखावर आलेला तो लाल रंग पाहिला की कळतं, नात्याची खूण शरीरातही आहे.

आंबिलीचीही तीच गोष्ट. ती आंबट होते ती लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंमुळे, आणि याच गटाचे जीवाणू आपल्या आतड्यांतही राहतात. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी अंदाज मांडला की प्रौढ माणसाच्या शरीरात स्वतःच्या पेशी सुमारे 30 लाख कोटी असतात, आणि त्यात वस्ती करणारे जीवाणू सुमारे 38 लाख कोटी. आपण ज्याला ‘मी’ म्हणतो तोच मुळात गजबजलेला गाव आहे.

माळेगावची जत्रा आणि गोदेचं पाणी

याच दिवसांत नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, म्हणजे येळवसेच्या आदल्या दिवशी, देवस्वारी निघते आणि पुढे काही दिवस माळ माणसांनी आणि जनावरांनी फुलून जातो. घोडे, गाढवं, उंट, बैल यांचा बाजार भरतो. कंधार भागाची लाल कंधारी आणि लातूरच्या देवणीची देवणी गाय या दोन्ही याच मातीने घडवलेल्या जाती. देवणीत वानेरा, वाघ्या आणि शेवरा असे रंगावरून ओळखले जाणारे प्रकार आहेत, आणि जाणता पशुपालक लांबून नजर टाकून प्रकार सांगतो. खंडोबाला कर्नाटकात मैलार आणि तेलंगणात मल्लन्ना म्हणतात. तीन राज्यांच्या या देवाच्या परिवारात घोडा आणि कुत्राही मानाने असतात.

जनावराचा मान वर्षात आधीच होऊन गेलेला असतो. श्रावणी अमावस्येला पोळा. आदल्या दिवशी खांदेमळण होते. जू ओढून घट्टे पडलेले बैलाचे खांदे हळद आणि तूप लावून चोळतात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं रीतसर आवतण देतात. श्रावणातल्या अमावस्येला बैलाचे उपकार फेडायचे, मार्गशीर्षातल्या अमावस्येला मातीचे. वर्षाचा हिशोब असा चुकता होतो.

नांदेड शहरात हेच नातं आणखी एका रूपात भेटतं. ऑक्टोबर 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथे देह ठेवला. त्याआधी त्यांनी गुरुपदाचा मान ग्रंथसाहिबाला दिला. त्या स्थानी आज तख्त सचखंड श्री हजूर साहिब आहे. तिथे रोज पहाटे, उजाडण्याच्या कितीतरी आधी, एक सेवादार गोदावरीचं पाणी घागरीत भरून आणतो आणि त्या पाण्याने तख्ताचं स्नान होतं. नदीशिवाय तिथला दिवस सुरू होत नाही. शीख धर्मीय रोज पहाटे जपुजी म्हणतात. त्याच्या शेवटी वाऱ्याला गुरूचा, पाण्याला पित्याचा आणि धरतीला मातेचा मान दिलेला आहे. ग्रंथसाहिबात संत नामदेवांची 61 पदं आहेत, आणि नामदेवांची म्हणून ओळखली जाणारी नरसी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. त्याच गोदेला मिळणाऱ्या प्रवरेच्या काठी, नेवाशाला, 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगून झाली, आणि तिच्या अखेरीस ज्ञानेश्वरांनी सर्व भूतमात्रांच्या मैत्रीचं मागणं मागितलं. मागणं मानवापुरतं ठेवलं नाही, हे त्यातलं मोठेपण.

नातं कठीणही असतं

मातीशी नातं म्हणजे सगळं गोडगोड असं समजू नये. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसराला 6.2 क्षमतेच्या भूकंपाने हादरवलं. अनंत चतुर्दशीची रात्र होती, गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. दगडमातीची जाड भिंतींची घरं कोसळली आणि हजारो जीव गेले. नंतर गावंच्या गावं नव्या जागी वसवली गेली. घरं हलली, शेतं हलवता येत नाहीत. ज्या भूमीने घर घेतलं तिच्यातच दुसऱ्या वर्षी तिफण चालवावी लागली. एप्रिल 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला मिरजेहून आलेल्या पहिल्या गाडीत 10 वाघिणी होत्या आणि त्यांत 5 लाख लिटर पाणी होतं. त्या उन्हाळ्यात पाणी म्हणजे काय हे इथल्या लहान पोरालाही कळलं.

अशा मुलखात मातीला नैवेद्य दाखवणं ही हौस नव्हे. आपण स्वयंपूर्ण नाही, आपल्या हातात सगळं नाही, याची ती दरवर्षी दिलेली कबुली आहे. आणि अशी कबुली दिलेला माणूस उद्ध्वस्त झाल्यावरही पुन्हा उभा राहतो, हे किल्लारीच्या माणसांनी जगाला दाखवलं.

आधुनिक विज्ञानही त्याच्या वाटेने या नात्यापाशी येत आहे. 1984 मध्ये रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. त्याच वर्षी जीवशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी ‘बायोफिलिया’ हे पुस्तक लिहून मांडलं की सजीवांची ओढ माणसात उपजतच असते. कायदाही वळतो आहे. इक्वेडोरने 2008 च्या राज्यघटनेत निसर्गाला हक्क दिले. न्यूझीलंडने 2017 मध्ये तिथल्या माओरी लोकांची वांगानुई नदी कायद्याने व्यक्ती मानली.

आपल्या हातातलं

सण टिकला आहे, पण त्याच्या पायाखालची जमीन बदलते आहे. लातूरच्या शिवारात सोयाबीन वाढलं आणि ज्वारी मागे सरली. कोपीला कडबा मिळेना म्हणून काही जण साड्या किंवा जाळी बांधून कोप उभी करतात. विंधन विहिरी खोल गेल्या. देवणी आणि लाल कंधारीची दावणी कमी झाली. शहराकडची शेतं प्लॉटिंगखाली गेली. भारताच्या पुढाकाराने 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरं झालं, ज्वारीचं कौतुकही झालं. कौतुकाने पेरा वाढत नाही, रास्त भावाने आणि खाणाऱ्याच्या ताटाने वाढतो.

वेळ अमावस्येने सांगितलेलं सूत्र सरळ आहे: आधी रानाला द्या, मग आपण खा. हे सूत्र एका दिवसापुरतं पाळून चालणार नाही. जमिनीला आंबील शिंपायची आणि वर्षभर तिच्या पोटातलं पाणी उपसायचं, हा सण नव्हे. मातीला देणं म्हणजे शेणखत, पालापाचोळा, द्विदलाचा फेर, बांधावरचं झाड. नदीला देणं म्हणजे तिच्यात घाण न सोडणं.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. लातूर-नांदेडकडे कुणी ओळखीचं असेल तर येत्या मार्गशीर्ष अमावस्येला जरूर जा, आणि मुलांना सोबत न्या. आवतणाची वाट पाहू नका, त्या दिवशी तिथे परकं कुणी नसतं. मुलांना हरभऱ्याच्या मुळावरची ती गाठ फोडून दाखवा. गावाकडची जमीन कसत असाल तर निदान घरापुरती मालदांडी पेरा. जमीन नसेल तर आठवड्यातून दोन वेळा ज्वारीची भाकरी खा, आणि ती पिकवणाऱ्याला वाजवी दाम द्या. विश्वाशी असलेलं नातं आपण जोडायचं नाही, ते आहेच. ते निभावण्याची जबाबदारी मात्र आपली आहे.